खोटं फुंकणारा

ऑर्बिन स्लोन मुद्दाम खोटं फुंकतो, असं मी दोनदा लिहून दिलं. दोन्ही कागदांवर खाली माझी सही आहे. त्यामुळे पुढे काय झालं ते मीच सांगितलेलं बरं.

केंटकीच्या या डोंगरांत, खाणवाल्यांच्या दवाखान्यात मी फुप्फुसांची चाचणी घेते. सव्वीस वर्षं झाली. माणूस येतो, खुर्चीत बसतो, मी त्याच्या नाकाला चिमटा लावते, तोंडात नळी देते आणि ओरडते. हो, ओरडतेच. गोड बोलून कुणी छाती रिकामी करत नाही. माणूस अर्धा श्वास घेतो, अर्धा सोडतो आणि झालं म्हणून मोकळा होतो. म्हणून मी म्हणते, आत घ्या, अजून घ्या, अजून, आणि मग फुंका! फुंका! फुंका! पलीकडच्या खोलीत रक्त तपासणाऱ्या मुली कानांत बोळे घालून बसतात.

चाचणी साधी आहे. छाती गच्च भरायची आणि सगळी ताकद लावून एका झटक्यात फुंकायचं, मग निदान सहा सेकंद बाहेर टाकत राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा गेली आणि एकूण किती गेली, याची यंत्र रेघ काढतं. खरी रेघ सरळ वर चढते आणि लांब उतार घेत खाली येते. असे तीन फुंके लागतात आणि ते जवळजवळ सारखे यावे लागतात. लबाड माणसाला एकदा खोटं फुंकता येतं, पण तेवढंच खोटं पुन्हा तीनदा फुंकायला जमत नाही. सव्वीस वर्षांत मी असे पुष्कळ पकडले आणि मला त्याचा गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

ऑर्बिन पहिल्यांदा आला तो मार्चमध्ये. माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातला, एकसष्ट वर्षांचा. चौतीस वर्षं जमिनीखाली. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं, पण थांबताना तो भिंतीवरची चित्रं बघायचं निमित्त करत होता. या सगळ्या बाप्यांची तीच तऱ्हा. टेबलावर छातीचा प्लास्टिकचा नमुना आहे, तो त्याने हातात घेतला.

“डेल्फा, खाणीत हवा ओढायला असतो तसा यात पंखा कुठे असतो गं?”

“पंखा खाली,” मी म्हटलं. “हा फासळ्यांखालचा पडदा बघा. हा खाली ओढला जातो, फासळ्या वर उचलल्या जातात, आतली जागा वाढते आणि हवा आपसूक आत येते. फुप्फुसं बिचारी स्वतः काहीच ओढत नाहीत. श्वास घ्यायला कष्ट पडतात. सोडायला एरवी पडत नाहीत, ताणलेलं सगळं आपलं आपण मागे येतं. या चाचणीत मात्र सोडायलाही जोर लावायचाय.”

“आणि ही मुळं कसली?”

“हवेच्या नळ्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे वीस-बावीस वेळा फाटे फुटतात. टोकाला बारीक पिशव्या, तीस-चाळीस कोटी. पिशवीची भिंत इतकी पातळ की एका बाजूने हवा आणि दुसऱ्या बाजूने रक्त. सगळ्या उलगडून अंथरल्या तर आपल्या चर्चची सगळी जमीन झाकली जाईल.”

“मग परतीची हवा कुठून जाते?”

“त्याच नळीने.”

त्याने नमुना खाली ठेवला. “त्याच? येणारी आणि जाणारी, दोन्ही एकाच बोगद्यातून? अगं, अशी खाण कुणी चालवली तर तपासनीस त्याच दिवशी कुलूप घालील. देवाला कुणी परवाना दिला?”

तो हसला, हसताना खोकला लागला आणि तो पाच मिनिटं खोकला. मग मी त्याला पुढचं सांगितलं, जे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. मोठी धूळ नाकात आणि नळ्यांत अडते, थुंकीबरोबर बाहेर येते. बारीक धूळ पिशव्यांपर्यंत पोचते. तिथे साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या धूळ गिळतात. कोळसा कसाबसा पचतो, पण खडकाची भुकटी गिळली की त्या मरतात आणि मरतील तिथे व्रण पडतो. व्रणाला हवा ओलांडता येत नाही. हे एकाएकी होत नाही, वीस-वीस वर्षं लागतात, आणि एकदा झालं की मागे येत नाही.

“तेवढं कळलं,” तो म्हणाला. “लाव चिमटा.”

त्याने छाती भरली. मी ओरडले. रेघ झोकात वर चढली आणि सेकंदभरात कुऱ्हाडीने तोडावी तशी खाली आली. गळा मिटला की अशी रेघ येते. खोकल्याने मिटतो किंवा माणूस स्वतः मिटतो. ऑर्बिनला खोकला आला नव्हता. मी आठ वेळा फुंकायला लावलं. आठही वेळा तेच.

“ऑर्बिन, सोडत राहा ना. मध्येच का थांबता?”

“थांबत नाही. संपतंय.”

“संपलं की रेघ अशी येत नाही.”

“तर मग तुझं यंत्र बिघडलंय.”

यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी कागदावर लिहिलं, प्रयत्न अपुरा. जूनमध्ये तो परत आला, तेव्हाही तेच झालं आणि मी तेच लिहिलं. या वेळी खाली एक ओळ जास्त घातली, रुग्ण गळा मिटतो असे दिसते. त्या एका ओळीने त्याची अब्रू गेली.

खाणीच्या धुळीने फुप्फुसं गेली हे सिद्ध झालं तर माणसाला आयुष्यभर औषधपाणी आणि घरी ऑक्सिजनचं यंत्र मिळतं. ऑर्बिन तोवर बायकोच्या मेलेल्या भावाचं जुनं यंत्र वापरत होता, ते मधूनच बंद पडायचं आणि मग झेला, म्हणजे त्याची बायको, त्याला उशांवर बसवून पहाट करायची. सुनावणीत कंपनीच्या वकिलाने माझे दोन्ही कागद मोठ्याने वाचले आणि म्हणाला, हा गृहस्थ आजारी नाही, नट आहे. आमच्या खोऱ्यात बातमीला पाय लागत नाहीत, ती उडते. पेट्रोल पंपावर रोज सकाळी म्हाताऱ्या खाणवाल्यांचा अड्डा बसतो. तिथे कुणीतरी ऑर्बिनच्या गाडीच्या आरशाला वाढदिवसाचा फुगा बांधला आणि वर लिहिलं, एवढा तरी फुगव. त्यानंतर तो पंपावर जायचा बंद झाला.

न्यायाधीशांनी शेवटची एक संधी दिली, ऑक्टोबरच्या चौदाला. तीही चाचणी बाद झाली तर प्रकरण बंद होणार होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये माझ्या आईच्या आठवणीची सभा होती. आमच्याकडे बाजा नाही, पेटी नाही. एकजण उभा राहून ओळ भरभर सांगतो आणि मग सगळे मिळून तीच ओळ लांबवत गातात. ओळ द्यायला ऑर्बिन उभा राहिला. गेली वीस वर्षं तोच देतो. मी तिसऱ्या बाकावर होते. आईसाठी आले होते, पण सवय वाईट असते. त्याने तोंड उघडलं आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. एका श्वासात त्याने दोन ओळी म्हटल्या. सात सेकंद. पुढच्या कडव्यात पुन्हा सात.

माझं डोकंच फिरलं. माझ्या खुर्चीत बसलं की याचा श्वास एका सेकंदात संपतो आणि इथे माझ्या आईच्या नावाने सात सेकंद चालतो! बाकीचे डोळे पुसत होते आणि मी दात खात होते. ठरवलं, जेवण झालं की याला बाजूला घ्यायचं आणि स्वच्छ सांगायचं, चौदा तारखेला येऊ नका, माझा वेळ खाऊ नका.

जेवण बाहेर, झाडाखाली मांडलं होतं. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, कोंबडी, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या. माणसं टोळक्याने उभी राहून गप्पा मारत होती. ऑर्बिन चर्चच्या भिंतीपाशी एकटाच उभा होता, पंपावरच्या मंडळींपासून लांब. टेबलामागून एका बाईने खड्या आवाजात हाक दिली, “जेवायला चला! चला! चला!”

तिसरी हाक आली आणि ऑर्बिन गर्रकन वळला. तोंड भिंतीकडे, हनुवटी छातीला, खांदे वर, ओठ घट्ट. तसाच तीन-चार सेकंद उभा राहिला. मग सैल झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात थाळी घ्यायला आला.

मी झेलाला गाठलं. “अगं, याला काय झालं आत्ता?”

“कुठे काय? बार उडाला.”

“कसला बार?”

“चौतीस वर्षं सुरुंगवाला होता ना तो. सुरुंग पेटवायच्या आधी तीनदा ओरडायचं, बार आहे, बार आहे, बार आहे. की तोंड भिंतीकडे, श्वास आत कोंडायचा आणि धूळ पुढे निघून जाईपर्यंत सोडायचा नाही. ती धूळ एकदा नाकातोंडात गेली की दिवसभर माती थुंकायची. आता कुणी काहीही तीनदा ओरडलं की याचं तेच. मी घरी दोनदाच हाक मारते बाई. तिसरी मारली तर जेवण गार.”

मी हातातला चमचा खाली ठेवला.

“झेला,” मी म्हटलं, “मी तीनदा ओरडते.”

“कुठे?”

“दवाखान्यात. फुंका, फुंका, फुंका.”

झेला आधी हसली, मग तिचं हसू गेलं. “मग तो काय कपाळ फुंकणार? तू त्याच्या कानाशी सुरुंग लावतेस आणि म्हणतेस श्वास सोड! आणि वर लिहून देतेस, माझा नवरा लबाड!”

सात सेकंदांचंही कोडं तिथेच सुटलं, आणि ते मला बाकावर बसल्या-बसल्याच सुटायला हवं होतं. ओळ देणारा म्हणतो थोडं आणि बाकीचे लांबवून गातात तेव्हा त्याला दम खायला मिळतो. शिवाय हळूहळू सोडलेली हवा पुरते. फुप्फुसं बिघडलेल्या माणसाची हवा मुळात हळूच निघते, झटक्याने तिला निघताच येत नाही. हे मी शिकाऊ मुलींना दर वर्षी शिकवते.

आम्ही दोघी ऑर्बिनकडे गेलो. त्याला पटेना.

“मी वळलो? कधी?”

“आत्ता,” झेला म्हणाली. “नेहमीच वळतोस.”

“मी काय घोडा आहे, हाकेवर वळायला?”

“घोडा बरा, तो बायकोचं ऐकतो.”

त्याने थाळी भिंतीच्या कट्ट्यावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “डेल्फा, खरं सांगू? मलाच वाटायला लागलं होतं की मी लबाडी करतोय. प्रत्येक वेळी आतून काहीतरी बंद व्हायचं आणि मी बंद केलंय की नाही ते मला कळायचं नाही. माणूस स्वतःशीच खोटं बोलत असेल तर त्याला ते कसं कळणार?”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नुसतं चुकले असते तर एक वेळ चाललं असतं. मी त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता.

चौदा तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. झेला बरोबर होती. आमचे तरुण डॉक्टर हॅगन्स, शेवटची संधी म्हणून, मुद्दाम खोलीत येऊन उभे राहिले. मी त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, पण त्यांचा चेहरा ‘बघू’ असा होता. नियमाने आठ फुंके मिळतात, त्यांत तीन चांगले यायला हवेत.

पहिल्यांदा मी ओरडलेच नाही. हळू आवाजात म्हटलं, सोडा. त्याने सोडली, पण कुणी गरम चहावर फुंकर घालावी तशी. गळा उघडा राहिला पण सुरुवातीचा झटका नाही, म्हणून बाद. दुसऱ्यांदा मी एकदाच ओरडले आणि गप्प बसले. झटका छान आला, पण तीन सेकंदांत त्याने सोडून दिलं.

“का थांबलात?”

“तू गप्प झालीस. मला वाटलं झालं.”

सहा उरले होते. ऑर्बिनच्या कपाळावर घाम होता. झेलाने पर्सचा पट्टा मुठीत आवळून धरला होता. मी विचार केला, या माणसाला एरवी श्वास लांबवायला कोण लावतं? मग मला कळलं काय करायचं ते, आणि ते डॉक्टरांसमोर करायचं म्हणून मला घामच फुटला. माझा आवाज फुटक्या घमेल्यासारखा आहे.

“ऑर्बिन, मी एकदा हाक मारीन. एकदाच. त्यानंतर मी ओळ देईन. माझी ओळ संपेपर्यंत तुम्ही सोडत राहायचं.”

“तू देणार? गाणार तू?”

“हसू नका, चिमटा निघेल.”

त्याने नळी तोंडात धरली. “छाती भरा. अजून. अजून थोडी. फुंका!” आणि मग मी खालच्या पट्टीत, माझ्या आईच्या सभेत म्हटलेली ओळ लांबवायला लागले. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

“डेल्फा, हे काय चाललंय?” ते कुजबुजले.

मी त्यांना हातानेच गप्प केलं. डोळे रेघेवर. रेघ वर चढली, फार उंच नाही, पण सरळ. मग ती उतरायला लागली. एक सेकंद. दोन. नेहमी ती याच्या आधीच तुटायची. तुटली नाही. तीन. ऑर्बिनचे डोळे बाहेर आले होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि हवेचा नुसता धागा निघत होता, पण निघत होता. पाच. सहा. सात.

“घ्या श्वास,” मी म्हटलं.

चौथा खोकल्याने गेला. पाचवा चांगला आला. सहाव्याच्या आधी त्याला दहा मिनिटं बसवावं लागलं; ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, आज पुरे, परत बोलावू. ऑर्बिनने मान हलवली आणि नळीकडे बोट दाखवलं. सहावाही आला. तिन्ही रेघा एकावर एक ठेवल्या तर एकच वाटावी इतक्या सारख्या.

मी अहवाल लिहायला बसले. प्रयत्न पूर्ण, रुग्णाचे सहकार्य उत्तम. मग खाली लिहिलं, याआधीच्या दोन्ही चाचण्यांतील दोष चाचणी घेणाऱ्याचा होता, रुग्णाचा नव्हता. डॉक्टर खांद्यावरून वाचत होते.

“हे लिहायची काही गरज नाही,” ते म्हणाले. “तुमच्यावर शेकेल.”

“मला गरज आहे,” मी म्हटलं आणि सही केली.

ऑर्बिनला मी कागद दिला. त्याने चष्मा लावून सगळा वाचला, माझी ती ओळ दोनदा वाचली.

“तिन्ही सारखे?”

“तिन्ही.”

“म्हणजे नाटक नाही.”

“नाही, ऑर्बिन. नाटक नव्हतंच कधी.”

त्याचा चेहरा असा उजळला की मार्चपासून मी तो माणूस पाहिलाच नव्हता असं वाटलं. त्याने कागदाची घडी केली, परत उघडली, परत वाचली. “झेला, पंपावरून जाऊ. आत्ता जाऊ. सगळे बसले असतील.”

झेला कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवून उभी होती. “हे एकतीस काय आहे?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. म्हणून मीच सांगितलं. “याच्या वयाच्या, याच्या उंचीच्या धडधाकट माणसाची पहिल्या सेकंदातली हवा शंभर धरली, तर याची एकतीस.”

“आणि ती वाढत नाही.”

“नाही.”

“कमीच होत जाते.”

“हो.”

ऑर्बिन तोवर दाराशी पोचला होता, एका हाताने चौकट धरून दम खात होता आणि दुसऱ्या हाताने कागद खिशात नीट बसवत होता. मागे वळून त्याने बायकोकडे पाहिलं.

“अगं, रडतेस काय अशी? खरं निघालं ना सगळं!”

“हो,” झेला म्हणाली. “खरं निघालं.”